आनंदीबाईंची गुजराती साडी

लग्न होऊन बारडोलीला आले त्या वर्षीची गोष्ट. पहिल्या दिवाळीला माहेरी नंदुरबारला गेले. ताप्ती लाइनच्या गाडीतून उतरले, तर आईनं माझ्याकडे नीट पाहायच्या आधी माझ्या खांद्याकडे पाहिलं. "हे काय गं? पदर उजव्या खांद्यावर?" सासरी बांनी पहिल्याच आठवड्यात मला गुजराती पद्धतीनं साडी नेसायला शिकवलं होतं. पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे घ्यायचा, पुढे पसरून त्याचं एक टोक कमरेला खोचायचं. मला ते सोयीचं वाटलं होतं. आईला मात्र वाटलं की मुलगी गेली. बारडोली ते नंदुरबार रेल्वेनं काही तासांचा रस्ता. मध्ये नवापूर स्टेशन, अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. पण आईच्या डोळ्यांत त्या दिवशी मी सातासमुद्रापार पोचले होते.

ही गोष्ट मी विसरले होते. गेल्या पावसाळ्यात आनंदीबाई जोशींवरची पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचली, तेव्हा ती पुन्हा आठवली. बारडोलीत आम्ही सात-आठ मराठी बायका महिन्यातून एकदा जमतो. कुणाचे यजमान साखर कारखान्यात, कुणाचे बँकेत, कुणी स्वतः शाळेत शिकवतात. पातरा आणि चहा होतो, मग कुणीतरी एका पुस्तकावर बोलतं. माझी पाळी आली तेव्हा मी आनंदीबाई निवडल्या. खरं सांगायचं तर सोपा विषय म्हणून निवडल्या. पहिली भारतीय स्त्री डॉक्टर, शाळेच्या पुस्तकापासून ओळखीची. चार वाक्यं बोलू, टाळ्या घेऊ, असं मनात होतं.

पण वाचता वाचता एका साध्या गोष्टीपाशी मी अडकले. अमेरिकेत गेल्यावर आनंदीबाईंनी नऊवारी सोडली आणि त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, कंबर उघडी राहते. तिथल्या थंडीला ती नेसण पुरत नव्हती, तिथल्या लोकांच्या नजरेलाही ती चालण्यासारखी नव्हती. पाश्चात्त्य झगा घालायचा नव्हता. गुजराती साडी पायघोळ, आतून परकर घालता येतो, अंग झाकतं. म्हणजे मराठी ब्राह्मण घरातली मुलगी पेनसिल्वेनियात जाऊन आमच्या बांसारखी साडी नेसू लागली! हे वाचून मी एकटीच हसले. नंतर विचार करत बसले.

ज्यांना तपशील हवा त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं ते गोपाळराव जोशींशी. ते पोस्टात नोकरीला, बिजवर आणि वयानं तिच्याहून खूप मोठे. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा संसार फिरला. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, ते एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी ते वाचलं आणि या अनोळखी मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला. एप्रिल १८८३ मध्ये अठरा वर्षांची आनंदी कलकत्त्याहून निघाली, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक मिळाली, पण तिथे रुजू होणं नशिबात नव्हतं. क्षय घेऊनच ती परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीस वर्षंसुद्धा पुरी नव्हती.

निघण्याआधी फेब्रुवारी १८८३ मध्ये तिनं श्रीरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीतून भाषण केलं. मी अमेरिकेला का जाते, एवढाच त्याचा विषय. त्यात तिनं जाहीर सांगितलं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. हे तिचं व्रत म्हणा. तिच्यावर लिहिलेलं प्रत्येक पुस्तक या व्रतापाशी थांबतं, आणि ते तिनं पाळलं का, किती पाळलं, याचा हिशेब मांडतं. मला आज बोलायचं आहे ते या हिशेबाबद्दल.

पहिलं चरित्र लिहिलं एका अमेरिकन बाईनं. कॅरोलिन हीली डॉल यांचं पुस्तक १८८८ मध्ये बोस्टनला निघालं, आनंदीबाई गेल्यानंतर वर्षभरातच. पुस्तकाच्या नावातच आनंदीबाईंची ओळख पंडिता रमाबाईंची नातलग अशी दिली आहे, कारण तोवर अमेरिकेत रमाबाईंचं नाव झालं होतं. डॉलबाईंची स्वतःची हकिकत विलक्षण आहे. त्यांचे यजमान १८५५ मध्ये मिशनरी म्हणून कलकत्त्याला गेले ते जन्मभर तिथेच राहिले. मधूनमधून घरी येऊन जात, एवढंच. बाई मुलांना घेऊन अमेरिकेत. नवरा हिंदुस्थानात, बायको अमेरिकेत, हे त्यांनी सोसलेलं होतं. म्हणून आनंदीबाईंकडे त्या मायेनं बघतात. पण ती माया पाहुण्याकडे बघण्याची आहे. परकी, शांत, सोशिक, आपल्या रीतीला धरून राहिलेली हिंदू मुलगी त्यांना भावते. त्यांच्या पुस्तकात साडी आणि शाकाहार ही शीलाची खूण होते. ती साडी रोज सकाळी थंड खोलीत नेसायला काय लागत असेल, हे त्या बाई असूनही फारसं विचारत नाहीत.

मराठीतलं पहिलं चरित्र काशीबाई कानिटकरांचं, १८८९ चं. काशीबाईही लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या. मराठीत बायकांनी लिहायला लागायचे ते दिवस. पुण्यात त्या वेळी बायका शिकल्या की बिघडतात हे म्हणणारे पुष्कळ होते. काशीबाईंचं पुस्तक त्यांना उत्तर देण्यासाठी आहे असं मला ते वाचताना सतत वाटत राहिलं. बघा, ही एवढी शिकली, समुद्र ओलांडून गेली, पण तिनं काही सोडलं नाही. या पुस्तकाबद्दल मला आदर आहे. पत्रं मिळवून, नीट लावून, एका बाईनं दुसऱ्या बाईचं आयुष्य मराठीत लिहिलं, तेही त्या काळी. पण वकील जसा आपल्या अशिलाबद्दल बोलतो तसं ते आहे. वकिलाला अशिलाच्या थकव्याशी कर्तव्य नसतं, त्याला निर्दोष सुटका हवी असते. काशीबाईंचा यात दोष नाही. समोर न्यायाधीश बसलेले असताना त्या आणखी काय करणार होत्या?

तिसरं पुस्तक सगळ्यांच्या घरात असतं ते, श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ ची कादंबरी. आमच्या बायकांपैकी सगळ्यांनी हीच वाचली होती. दोघींनी २०१९ चा समीर विद्वांसांचा सिनेमाही पाहिला होता. कादंबरी वाचताना खाली ठेववत नाही, हे मान्य. पण नावापासूनच बघा. आपल्याकडे बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लावतात, तसं पुस्तकाचं नाव आहे. आणि पुस्तकही तसंच आहे. गोपाळराव हे लेखकाला सापडलेलं खरं पात्र. विक्षिप्त, हट्टी, बायकोला शिकवण्यासाठी तिला मारणारा, सगळ्या पुण्याची खोडी काढणारा माणूस. १८९० च्या पंचहौद मिशनच्या चहाच्या प्रकरणात टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढणारे गोपाळराव हेच. असा माणूस मिळाल्यावर कादंबरीकार त्याच्यामागे जाणारच. मग आनंदी ही त्याची निर्मिती होते. तिची साडी, तिचं जेवण, तिचं व्रत हे सगळं नवरा-बायकोच्या ताणाताणीतलं सामान होतं. ती एकटी असताना, नवरा जवळ नसताना, दोन वर्षं परक्या शहरात काय विचार करत होती, तिथे कादंबरी विरळ होते. सिनेमात तर ती आणखी विरळ झाली आहे असं त्या दोघींनी सांगितलं. त्या मात्र रडून आल्या होत्या.

चौथी वाट अंजली कीर्तने आणि मीरा कोसंबी यांची. कीर्तन्यांचं 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' हे जाडजूड पुस्तक १९९७ मधलं. कोसंबींनी आनंदीबाईंवर बरीच वर्षं काम केलं, आणि त्यांचं 'अ फ्रॅगमेंटेड फेमिनिझम' त्यांच्या निधनानंतर २०१९ मध्ये आलं. या दोघींनी पत्रांना पुढे बसवलं. आनंदीबाईंनी नवऱ्याला लिहिलेली पत्रं, कार्पेंटरमावशींना लिहिलेली पत्रं. (त्या कार्पेंटरबाईंना मावशी म्हणत.) यांत ती कुणाची निर्मिती नाही. एका पत्रात तर लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण ती नवऱ्याला सरळ करून देते, आणि तरी त्याच पत्रात त्याच्याशी जोडलेली राहते. सोपं उत्तर देत नाही. एक गंमत मात्र आहे. नवऱ्याला तिनं मराठीत लिहिलेलं मी कोसंबींच्या पुस्तकात इंग्रजीतून वाचते, शब्दकोश शेजारी ठेवून. मराठी बाईचं मराठी मन इंग्रजीतून परत आणावं लागतं, हेही वारशाबद्दलच काही सांगतं.

आता माझा मुद्दा. ही सगळी पुस्तकं एक प्रश्न विचारतात : तिनं काय जपलं? माझ्या मते विचारायचा प्रश्न दुसरा आहे : जे जपलं ते उचलायला तिच्याबरोबर कोण होतं?

जेवणाचंच घ्या. तिनं शाकाहार सोडला नाही. आम्हा जैनांना हे वाचून बरं वाटतं, मलाही वाटलं. पण घरी आपण शाकाहार पाळतो म्हणजे काय? माझ्या घरात तो मी एकटी पाळत नाही. चौमासा आला की भाजीवाली स्वतःच पालक-मेथी दाखवत नाही. बांच्या वेळेपासून डबे ठरलेले आहेत. कंदमूळ घरात येत नाही म्हणून खायचा प्रश्नच येत नाही. शेजारीण आयंबिल करते, उपाश्रयात आयंबिलशाळा असते, तिथे पान मांडलेलं असतं. पूर्ण गल्ली माझं व्रत धरून उभी असते आणि मला वाटतं मी केलं. आनंदीबाईंकडे फिलाडेल्फियात यातलं काय होतं? कॉलेजाच्या डीन रेचल बॉडली प्रेमळ होत्या, कार्पेंटर कुटुंब जिवाला जीव देणारं होतं, पण ते रोझेलला. इथे एका मुलीनं दिवसभर शरीरशास्त्र शिकायचं, खोलीतल्या शेगडीशी झगडायचं, आणि तिच्या आजीच्या घरात जे काम पाच बायका करत ते एकटीनं करायचं.

शाकाहारानं तिचा जीव घेतला असं मी म्हणत नाही, कुणी तसं वाचू नये. क्षय जंतूनं होतो. तो जंतू कॉखनं १८८२ मध्येच दाखवला होता, आणि त्यावरचं औषध निघायला पुढे साठ वर्षं लागली. मांस खाणारेही त्या रोगानं हजारोंनी गेले. माझं म्हणणं एवढंच की थंडी, उपासमार आणि एकटेपणा यांची किंमत तिच्या शरीरानं दिली, आणि पुस्तकांच्या हिशेबात ती जमेच्या बाजूला 'निष्ठा' म्हणून लिहिली गेली.

इथे रमाबाईंची आठवण होते. दोघी नात्यातल्या. मार्च १८८६ मध्ये पदवीदानाला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या. रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. पण इंग्लंडमध्ये ज्या जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या तिथेही त्यांनी मांस-अंड्याला हात लावला नाही, त्यावरून तिथल्यांशी वादही झाले. म्हणजे एकीनं धर्म सोडला पण ताट सोडलं नाही, दुसरीनं धर्म धरला पण नेसण बदललं. दोघींमध्ये वारसा कुणी जपला? आपल्या मराठी वाङ्मयानं याचं उत्तर फार लवकर देऊन टाकलं. एकीला देवघरात बसवलं आणि दुसरीला बरीच वर्षं अंगणातही घेतलं नाही.

कॉलेजातला एक फोटो प्रसिद्ध आहे, १० ऑक्टोबर १८८५ चा. डीनबाईंच्या स्वागतसमारंभातला. तीन विद्यार्थिनी शेजारी-शेजारी : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. हा फोटो आता मोबाइलवर फिरतो, खाली लिहिलेलं असतं, आपली संस्कृती, आपला अभिमान. मी तो मोठा करून खूप वेळ पाहिला. आनंदीबाईंचं वय वीस. तो पोशाख तिथे पाहुण्यांना दाखवण्यासाठी आहे, आणि तरी तो तिचाच आहे. आपण ज्याला जुना, अस्सल मराठी वारसा म्हणून मिरवतो ती साडी तिनं तडजोड करून, विचार करून, शेजारच्या मुलखातून उसनी घेतलेली नेसण होती. उसनी घेतली म्हणून तिची नाही असं कोण म्हणेल? भुजेत काही काळ संसार केलेल्या बाईला गुजराती साडी परकी नव्हती. थंडी पडली तेव्हा तिनं डोकं वापरलं. मला तिच्या चरित्रातली ही सगळ्यात जिवंत जागा वाटते, आणि बहुतेक पुस्तकं ती दोन ओळींत उरकतात.

दुसरी तशीच जागा तिच्या प्रबंधाची. विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी बाळ गमावलेली मुलगी डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी हा विषय निवडते. आपल्या जुन्या वैद्यकात बाळंतिणीबद्दल काय लिहिलं आहे ते परक्या भाषेत, परक्या परीक्षकांपुढे मांडते. मला विचाराल तर वारसा जपणं म्हणजे हे. कुंकू, बांगड्या, साडी याबद्दल पानंच्या पानं भरतात, पण प्रबंधाचं फक्त नाव सांगून लेखक पुढे जातात. त्यात तिनं काय मांडलं, कुठे जुन्या ग्रंथांशी सहमत झाली, कुठे नाही, हे सर्वसाधारण मराठी वाचकाला समजेल असं कुणीतरी लिहायला हवं. ते काम बाकी आहे.

इथपर्यंत मी वहीत टिपणं काढली होती. पुढचं लिहायला जड जातं, पण ते टाळून हे लिखाण खरं होणार नाही.

माझी मुलगी न्यू जर्सीत आहे. रोझेलपासून फार लांब नाही, नकाशात पाहिलं मी. आमच्या बारडोली तालुक्यात हे काही नवल नाही. इथल्या गावांत डिसेंबरमध्ये बंद घरांची कुलुपं उघडतात, महिनाभर गजबज होते, आणि उत्तरायण झालं की पुन्हा कुलपं. मोटेल चालवणाऱ्या, रात्री काउंटरवर बसणाऱ्या, दिवसा चादरी धुणाऱ्या बायका इथे येऊन लग्नात सोन्यानं मढून मिरवतात, आणि आम्ही म्हणतो, वा, तिकडे राहून काही विसरली नाही हं. माझी मुलगी मोटेलमध्ये नाही, प्रयोगशाळेत नोकरी करते. जाताना तिनं साध्वीजींसमोर चोविहाराचं पच्चक्खाण घेतलं. सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही. मी आग्रह केला होता.

बारडोलीत हिवाळ्यातसुद्धा दिवस सहापर्यंत असतो, आणि घरी मी असते. तिकडे डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. ती तेव्हा कामावर असते. दुपारचा डबा तो शेवटचा. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मी रोज फोन करायची. पहिला प्रश्न तोच, "चोविहार झाला ना?" ती म्हणायची, "हो मम्मी." मी उपाश्रयात सांगायची, आमची तिकडेसुद्धा पाळते. बायका माना डोलवायच्या. दुसऱ्या हिवाळ्यात ती कामाच्या ठिकाणी चक्कर येऊन पडली. हे मला तिनं सांगितलं नाही. चार महिन्यांनी तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं.

आनंदीबाईंची पत्रं मी त्यानंतर वाचली. गोपाळरावांची उत्तरं वाचली. कौतुक, सल्ला, संशय, मध्येच एखादं टोचणारं वाक्य. घरी बसलेला माणूस दूर गेलेल्या बाईचा हिशेब कसा ठेवतो ते त्यात दिसतं. मी पहिल्यांदा पुस्तक मिटलं ते रागानं, काय हा माणूस! मग मला माझाच रोजचा फोन ऐकू आला. गोपाळरावांना निदान पत्र पोचायला महिना लागायचा. माझा संशय रोज संध्याकाळी पोचत होता.

मी साध्वीजींकडे गेले. मला वाटलं होतं त्या मला धीर देतील किंवा रागावतील. त्यांनी विचारलं, "पच्चक्खाणात आगार असतात हे तुम्हाला ठाऊक नाही?" ठाऊक होतं. रोज तोंडानं म्हणत होते, अर्थाकडे लक्ष नव्हतं. आपल्या व्रताच्या पाठातच सूट लिहिलेली असते. चुकून झालं तर, अचानक झालं तर, आजारात मनाची समाधी टिकावी म्हणून घ्यावं लागलं तर व्रत मोडत नाही. ही पळवाट नाही. व्रत घेणाऱ्याचं शरीर आणि मन ज्यांनी ओळखलं त्यांनी ती व्रताच्या आत ठेवली. मला वाटत होतं की परंपरा कडक आहे आणि मी तिची पहारेकरीण. पाठातल्या परंपरेपेक्षा मीच जास्त कडक होते.

यालाच जोडून वीरचंद गांधींची गोष्ट. महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी १८६४ चे, आनंदीबाईंहून वर्षानंही मोठे नव्हेत. १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला जैन धर्माचं आमंत्रण आत्मारामजी महाराजांना होतं. साधू समुद्र ओलांडत नाहीत, म्हणून महाराजांनी नियम मोडला नाही आणि आमंत्रणही मोडलं नाही. गृहस्थ असलेल्या वीरचंदभाईंना तयार करून पाठवलं. ते पगडी घालून बोलले, शाकाहार पाळून राहिले. परतल्यावर समाजातल्या काहींनी त्यांच्यावर समुद्र ओलांडल्याचा ठपका ठेवलाच. पण पाठीशी एक आचार्य उभे होते. वीरचंदभाईसुद्धा १९०१ मध्ये सदतिसाव्या वर्षाच्या आत गेले. मी त्यांची आणि आनंदीबाईंची तुलना लहान-मोठं ठरवायला करत नाही. एकाला त्याच्या परंपरेनं वाट काढून दिली, पाठवलं. दुसरीला तिच्या परंपरेसमोर आधी शपथ घ्यावी लागली, मग जाता आलं. तिची वाट तिची तिनंच काढली, साडीच्या नेसणीपासून. आणि ती बाई होती.

म्हणून या पुस्तकांबद्दल माझं मत असं. डॉलबाईंचं पुस्तक त्या काळचं म्हणून वाचावं. काशीबाईंचं मराठी बाईच्या लेखणीची सुरुवात म्हणून आदरानं वाचावं, पण त्यातली वकिली ओळखून. 'आनंदी गोपाळ' वाचलीच असेल, तर पुन्हा एकदा आनंदीच्या बाजूनं वाचावी. जिथे ती गप्प आहे तिथे पान उलटू नये. कीर्तने आणि कोसंबी सावकाश वाचाव्यात, पत्रं आधी, बाकीचं नंतर. आणि यातलं कुठलंही वाचताना 'तिनं काही सोडलं नाही' हे वाक्य आलं की क्षणभर थांबावं. ते वाक्य कौतुकाचं दिसतं. पण ते नेहमी घरी बसलेल्यांच्या तोंडी असतं.

आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी गावी त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत. हिंदू म्हणून परत येईन म्हणालेली मुलगी परत आली, आणि मग मूठभर पुन्हा तिकडे गेली, जिनं तिला मावशीसारखं सांभाळलं तिच्या शेजारी. याला काय जपलं म्हणायचं आणि काय सोडलं म्हणायचं, हे मला ठरवता येत नाही.

आमच्या बैठकीत हे सगळं बोलले नाही. मुलीबद्दलचं तर नाहीच. साडीचं मात्र सांगितलं. शिक्षिका असलेली मैत्रीण हसून म्हणाली, "म्हणजे तुझी आई तेव्हा उगीचच रडली." उगीच नाही रडली. तिला कुणी सांगितलं नव्हतं की पदर उजवीकडे गेला तरी मुलगी तीच असते. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

मुलीला आता फोन करते तेव्हा विचारते, आज काय जेवलीस, कुणाबरोबर जेवलीस. पहिले काही दिवस ती अडखळायची, मी पुढचा प्रश्न विचारीन म्हणून वाट बघायची. ती आता चोविहार करते की नाही मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. परवा तिनं आपणहून विचारलं, "मम्मी, पातऱ्याच्या पानांना बेसन लावताना चिंच आधी की गूळ आधी?" तिच्या शेजारी एक कोल्हापूरची आणि एक नवसारीची मुलगी बसली होती. तिघी मिळून करणार होत्या.